चौघांत इंग्रजी : कॉलेजातले 'ग्रुप वर्क' नेमके असते तरी काय?

गणेशोत्सवातल्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता मंडळातल्या एका वहिनींनी मला बाजूला बोलावले. त्यांची मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काका, तुम्ही रविवारी मुलांचं इंग्रजी घेता म्हणून विचारते. हे ग्रुप वर्क म्हणजे काय प्रकार आहे हो? चौघांचा ग्रुप. रात्री दीडपर्यंत जागून सगळं माझ्या पोरीनं टाइप केलं. बाकीच्या तिघांनी दुसऱ्या दिवशी एकेक स्लाइड वाचून दाखवली आणि मार्क चौघांना सारखे!" शेजारी आमचे एक स्नेही उभे होते. त्यांच्या नातवाच्या वर्गात तर 'आपसात चर्चा करा' असे सांगून सर हजेरीपट भरायला बसतात आणि मुले इंग्रजीच्या तासाला हिंदीतून क्रिकेटची चर्चा करतात, अशी माहिती त्यांनी पुरवली.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यावरून गटात शिकणे हीच वाईट गोष्ट आहे, असा निष्कर्ष निघत नाही. वहिनींनी आणि आमच्या स्नेह्यांनी सांगितले ते नावापुरते ग्रुप वर्क होते. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. आयुष्य बँकेत गेले. पण निवृत्तीनंतर मंडळाच्या सभागृहात रविवारी कॉलेजच्या सात-आठ मुलांना घेऊन बसतो, त्या निमित्ताने या विषयावर थोडे वाचन झाले आणि त्याहून जास्त फजिती झाली. दोन्ही इथे सांगतो, कारण यंदा मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुले पहिल्या वर्षाला गेली आहेत.

आधी आपली इंदूरची परिस्थिती. आपल्या मुलांसाठी इंग्रजी ही नेमकी कितवी भाषा? घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी, छप्पन दुकानवर हिंदी, मित्रांत हिंदी, तीही माळवी वळणाची. सरकारी कागदावर इंग्रजीला काहीही म्हणोत, हिंदी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला ती परकीच असते, कारण वर्गाबाहेर ती त्याच्याशी कोणी बोलत नाही. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या कॉलेजांत पदवीच्या आधार पाठ्यक्रमात तिचा पेपर असतो, तो मुले पास होतात आणि विसरतात. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून पदवीला नवे शिक्षण धोरण लागू केले. त्यात प्रकल्प आणि इंटर्नशिप यांना महत्त्व आले, म्हणून हल्ली 'ग्रुप' हा शब्द घराघरांत ऐकू येतो. पुढे नोकरीच्या वेळीही तो सुटत नाही. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत मुलाखतीबरोबर ग्रुप एक्सरसाइज असते, आणि खाजगी कंपन्यांच्या ग्रुप डिस्कशनमध्ये हुशार मुले तोंड न उघडल्यामुळे मागे पडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या काळी, म्हणजे १९८० च्या आसपास, इंग्रजीच्या तासाला सर धडा वाचत, कठीण शब्दांचे अर्थ सांगत आणि सारांश उतरवून देत. आम्ही तो पाठ करत असू. तीन वर्षांत वर्गात मी इंग्रजीत किती वाक्ये बोललो असेन? 'येस सर' आणि 'प्रेझेंट सर' वगळले तर उत्तर शून्य आहे. व्याकरण मात्र चांगले झाले, त्याच्या जोरावर पुढे हेड ऑफिसला पत्रे लिहिली. बोलण्याची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक होती, पण व्यवहारच नसल्याने खाते निष्क्रिय झाले होते. बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय ठरते. पैसे कुठे जात नाहीत, पण ऐन गरजेला निघतही नाहीत. आपल्या बहुतेक मुलांच्या इंग्रजीचे असेच आहे. दहा-बारा वर्षे शिकून शब्द डोक्यात साठले आहेत, ते बाहेर काढण्याची सवय नाही.

आता साधा हिशेब करू. वर्गात साठ मुले आणि तास पन्नास मिनिटांचा. हजेरीला पाच मिनिटे, सरांच्या शिकवण्याला पंचवीस. उरली वीस. त्या वीस मिनिटांत सरांनी एकेकाला उभे करून बोलायला लावले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस सेकंद येतात. त्यातली दहा उठून उभे राहण्यात जातात. त्याच साठ मुलांचे चौघाचौघांचे पंधरा गट केले आणि सगळे गट एकाच वेळी बोलू लागले, तर त्याच वीस मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. वीस सेकंद कुठे आणि तीनशे सेकंद कुठे! मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एका लेखात याच धर्तीचा हिशेब मांडला होता. गटात शिकवण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि त्याला मानसशास्त्र लागत नाही, पाढे येत असले म्हणजे पुरे.

यावर पालकांची पहिली शंका ठरलेली असते : सगळेच कच्चे, मग एकमेकांच्या चुकाच शिकतील ना? शंका रास्त आहे आणि ती आपल्याच देशातल्या एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञाने घेतली होती. एन. एस. प्रभू हे त्यांचे नाव. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून तो जगभर ओळखला जातो आणि परदेशातले इंग्रजीचे शिक्षकही त्याचा अभ्यास करतात. व्याकरणाचे नियम आधी न शिकवता मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असले काहीतरी सोडवायला द्यायचे. ते सोडवण्याच्या नादात भाषा आपोआप रुजते, असा त्यांचा विचार. मात्र प्रभूंनी गटात काम देणे मुद्दाम टाळले. आधी सरांनी साऱ्या वर्गाबरोबर एक उदाहरण सोडवायचे, मग प्रत्येकाने आपापले स्वतंत्र सोडवायचे, अशी त्यांची पद्धत होती. मुलांच्या कानावर पडायचीच तर सरांची चांगली भाषा पडावी, एकमेकांची कच्ची नको, हे त्यांचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक पटते. सरांपुढे चुकले तर मुलाला तेवढे वाटत नाही, कारण सर मोठेच असतात. बरोबरीच्या मुलांपुढे चुकणे काहींना जास्त झोंबते. आपल्याकडच्या मुलांना ओळखणाऱ्या माणसाचे हे निरीक्षण आहे.

मग प्रभूंचे ऐकायचे की लाँग-पोर्टरांचे? माझ्या मते प्रभूंपुढची मुले शाळकरी होती. त्यांच्या खात्यात अजून भरणा व्हायचा होता, आणि तो करायला सर लागतात. कॉलेजातल्या मुलाचे दुखणे वेगळे आहे, त्याला भरलेले काढता येत नाही. आणि चुकांबद्दल म्हणाल तर लाँग-पोर्टर यांनी त्यावेळचे अभ्यास तपासून असे मांडले, की शिकणारी मुले आपसात बोलताना जास्त बोलतात. पण अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्याशी बोलताना जेवढ्या चुका होतात, त्याहून जास्त चुका करत नाहीत. एकमेकांच्या चुका उचलण्याचे प्रमाणही कमीच आढळले होते. लाजेचा मुद्दा मात्र शिल्लक राहतो. त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे, की साठ जणांपुढे चुकण्यापेक्षा तिघांपुढे चुकणे सोपे जाते. मुलींच्या बाबतीत हे फार जाणवते. पूर्ण वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी दोन मैत्रिणींच्या गटात बोलती होते.

आता वहिनींची तक्रार : एक राबतो, तिघे बसून खातात. हा रोग जुना आहे. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. एकटा माणूस जेवढे ओढतो, तेवढे तो गटात ओढत नाही. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर आला. गणपतीची मोठी मूर्ती उचलताना कोण नुसता हात लावून चालतो, हे आपल्याला रिंगेलमानने सांगायला नको! सारांश, चौघांना एक काम दिले आणि ते एकाला करता येण्याजोगे असले, तर ते एकच जण करणार. त्यात त्या तिघांची नियत तपासण्यात अर्थ नाही. काम देतानाच चूक झालेली असते.

इथे मला बँकेतली तिजोरी आठवते. स्ट्राँग रूमला दोन चाव्या असतात, एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. मॅनेजर कितीही हुशार असला आणि हेड कॅशियर कितीही आळशी असला, तरी सकाळी दोघांनाही दारापाशी उभे राहावेच लागते. एकाला उशीर झाला की दुसरा फोन करतो, ओरडतो, वाट बघतो, पण त्याच्यावाचून काम करत नाही, कारण करूच शकत नाही. गटात शिकवण्याचे मर्म एवढेच आहे. प्रत्येकाच्या हाती अशी एक किल्ली हवी जी दुसऱ्याकडे नाही.

अमेरिकेत एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात नेमके हेच केले. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नव्यानेच एका वर्गात आली होती आणि वर्गात भांडणे होत होती. अॅरनसनने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. ज्याला भाषा येत नाही म्हणून बाकीचे हसत, त्याच्याकडचा तुकडा मिळाल्याशिवाय त्यांचाही धडा पुरा होईना. मग हसणे थांबवून त्याला नीट प्रश्न विचारणे भाग पडले. 'जिगसॉ' पद्धत म्हणतात ती हीच. प्रभूंनीही कामांचे तीन प्रकार सांगितले, त्यातला पहिला याच जातीचा : माहिती एकाकडे आहे, ती दुसऱ्यापर्यंत पोचवायची. नुसते मत विचारणारी कामे त्यांच्या यादीत शेवटी येतात. कॉलेजांत मात्र उलटे चालते. पहिल्याच दिवशी 'मोबाइल शाप की वरदान' यावर चर्चा करा!

हे मी हसून लिहितो आहे, पण माझ्या पहिल्या रविवारी मीही हाच विषय दिला होता. आठ मुले, चार-चारांचे दोन गट. एका गटात इंग्रजी माध्यमातली एक चुणचुणीत मुलगी होती, ती सात मिनिटे सलग बोलली. बाकीचे तिघे आळीपाळीने 'आय अॅग्री' म्हणत होते. दुसऱ्या गटाने तिसऱ्या मिनिटाला हिंदी धरले आणि पाचव्या मिनिटाला मोबाइलच काढले. त्यांच्यात हिंदी माध्यमातून आलेला, कॉमर्सचाच एक मुलगा होता, तो शेवटपर्यंत एक शब्दही बोलला नाही. घरी जाताना पाया पडून "येतो काका" म्हणाला, तेवढाच.

पुढच्या रविवारी मी चिठ्ठ्या करून नेल्या आणि गट बदलले. विषय महेश्वरची एक दिवसाची सहल, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पहिल्या चिठ्ठीत माणसे : एकूण अकरा, त्यात दोन आजी, त्यांना घाटाच्या पायऱ्या फार चढवत नाहीत, आणि एकाला संध्याकाळी सातच्या आत इंदुरात परत यायचे आहे. दुसरीत गाड्या : बारा जणांचा टेम्पो ट्रॅव्हलर साडेपाच हजाराला, किंवा दोन मोटारी, प्रत्येकी बत्तीसशेला. तिसरीत पैसे : माणशी सातशे वर्गणी, पण दोन्ही आजींकडून घ्यायची नाही, जेवण माणशी एकशेवीस. चौथीत वेळा : अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, जायला अडीच तास, यायला तेवढेच, मध्ये चहाला अर्धा तास, आणि किल्ला व घाट बघायला किमान तीन तास. हे आकडे मीच ठरवलेले, त्यावरून कोणी गाडी बुक करू नये. नियम दोनच. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. आणि वीस मिनिटांनी गटातल्या कोणालाही मी उभे करीन, त्याने पूर्ण बेत इंग्रजीत सांगायचा.

तो न बोलणारा मुलगा आणि ती चुणचुणीत मुलगी या वेळी एका गटात होती. पैशांची चिठ्ठी त्याच्याकडे गेली. मी मुद्दाम दिली नव्हती, पण गेली हे बरे झाले. मुलीने सवयीप्रमाणे पाच मिनिटांत सगळे ठरवून टाकले : टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी आठला निघायचे, तिकडे हॉटेलात जेवण. आणि हा मुलगा म्हणाला, "नो. मनी नॉट इनफ." सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने कागदावर मांडणी केली होती. नऊ जणांचे त्रेसष्टशे, गाडीचे साडेपाच हजार गेले की उरले आठशे. अकरा जेवणांचे तेराशे वीस. "फाइव्ह हंड्रेड ट्वेंटी शॉर्ट." व्याकरणाच्या सरांनी या वाक्यांवर लाल रेघ मारली असती. पण ती मुलगी गप्प झाली आणि तिने त्याला विचारले, "सो व्हॉट शूड वी डू?" मी बँकेत वर्षानुवर्षे कर्जाच्या बैठकांना बसलो आहे. आकडे ज्याच्याकडे असतात त्याचे व्याकरण तिथे कोणी तपासत नाही.

हिंदी-मराठीचे काय? ती मुले त्याही दिवशी अधूनमधून हिंदीत गेलीच. मी अडवले नाही. 'अरे, वर्गणी को क्या बोलते हैं' असे हिंदीत विचारणे हीसुद्धा इंग्रजीची गरज पडल्याची खूण आहे. फक्त शेवटचा बेत इंग्रजीत सांगायचा आहे, हे पक्के असले पाहिजे. अगदी पहिल्या वाक्यापासून इंग्रजीची सक्ती केली की कच्ची मुले गप्प बसतात आणि पक्की भाषण करतात.

कॉलेजच्या प्राध्यापकांना हे सगळे माहीत नाही असे नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. कुठे एका वर्गात ऐंशी मुले, बाके जमिनीला ठोकलेली, कुठे अतिथी विद्वानांवर सगळा भार आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई. चिठ्ठ्या तयार करायला मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यांनी रोज कुठून वेळ काढावा? तरी काही गोष्टींना खर्च येत नाही. ठोकलेल्या बाकांवरही पुढच्या ओळीतली दोघे मागे वळली की मागच्या दोघांशी चौघांचा गट होतो. चार हा आकडा सोडू नये. सहा झाले की दोघे प्रेक्षक होतात. काम चालू असताना सरांनी ओळींमधून हिंडावे, दुरुस्त्या त्याच वेळी करू नयेत, चुका वहीत टिपून शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहाव्यात. आणि मार्कांचे म्हणाल तर गटाला काही मार्क जरूर द्यावेत, पण निम्मे तरी प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न विचारून द्यावेत. वहिनींच्या मुलीवर झालेला अन्याय एवढ्याने बराच कमी झाला असता. स्लाइड वाचणाऱ्याला त्याच स्लाइडवर एक प्रश्न विचारला की कोणी जागरण केले ते सरांना तिथल्या तिथे कळते.

पालकांनी काय करावे? कॉलेजात जाऊन भांडू नये, मुलांचे तिथे हसे होते. ग्रुपमध्ये कोण कोण आहे, याची चौकशीही पुरे. मुलगा-मुलगी घरी आली की विचारावे, "आज तुझ्याकडे असं काय होतं जे बाकीच्यांकडे नव्हतं?" त्याला उत्तर देता आले तर वर्गात खरे ग्रुप वर्क झाले असे समजावे. नाही देता आले तर पुढच्या खेपेस कामाची वाटणी सुरुवातीलाच लिहून घे, आणि दुसऱ्याचा भाग स्वतः करून देऊ नकोस, एवढे सांगावे. हे दुसरे आपल्या मुलींना जड जाते. काम अर्धवट राहिलेले त्यांना बघवत नाही, म्हणून त्या जागतात. वहिनींना मी हेच सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. "मार्क गेले तर?" म्हणाल्या. त्यांचेही बरोबर आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क शेवटी गुणपत्रिकेवर येतात.

महेश्वरच्या बेताचे राहिलेच. पाचशेवीस रुपयांचा खड्डा कसा भरायचा यावर त्या गटात खूप चर्चा झाली. वर्गणी वाढवायला मुलगा तयार नव्हता, दोन मोटारी तर आणखी महाग पडत होत्या. शेवटी जेवण घरून न्यायचे ठरले. दशम्या, बटाट्याची भाजी, लोणचे. वीस मिनिटे झाली तेव्हा मी बेत सांगायला त्या मुलालाच उभे केले. सकाळी आठपासून दुपारपर्यंत तो अडखळत, पण नीट आला आणि जेवणापाशी थांबला. दशमीला इंग्रजीत काय म्हणायचे? कोणी 'ब्रेड' म्हणाले, कोणी 'स्वीट चपाती'. चुणचुणीत मुलीने 'मिल्क रोटी' सुचवले, ते त्याला पटेना. आमची आजी दशमीत दूध घालते, पण गूळ घालत नाही, हे तो तिला इंग्रजीत समजावू लागला. सभागृहाची वेळ संपत आली होती आणि शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा होता, तरी आणखी दहा मिनिटे ते दोघे वाद घालत होते.